सिम्युलेटरवर धावला, बोर्डावर बसला

"सर, चिपच खराब दिसते जी," म्हणत आरमोरीच्या एका बीएस्सीच्या पोराने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ८०८५ या प्रोसेसरच्या सिम्युलेटरवर त्याचा प्रोग्राम झकास चालत होता; ईप्रॉममध्ये भरून स्वतः जोडलेल्या सर्किटवर लावला की ढिम्म. चिप खराब नव्हती. ती क्वचितच असते.

प्रोग्राम आपल्या पहिल्या ओळीपासून सुरू होतो, हा सगळ्यात पक्का गैरसमज. प्रोसेसरला तुमची पहिली ओळ ठाऊकच नसते. रिसेट झाला की ८०८५ चा प्रोग्राम काउंटर शून्यावर येतो आणि ०००० एच (एच म्हणजे हेक्स, सोळाच्या पायाचा आकडा) या पत्त्यावर जे असेल ते तो पाळतो. पोराचा प्रोग्राम होता ०१०० एचला. मग सिम्युलेटरवर चालला कसा? तिथली कोरी मेमरी शून्यांनी भरलेली, आणि ०० म्हणजे एनओपी: काही करू नको, पुढे जा. असे २५६ एनओपी घसरत तो बरोबर प्रोग्रामपाशी पोचत होता, पापणी लवायच्या आत. कोऱ्या ईप्रॉममध्ये मात्र प्रत्येक बाइट एफएफ असतो. एफएफ म्हणजे आरएसटी ७, उडी थेट ००३८ एचला. तिथेही एफएफच. पुन्हा आरएसटी ७, आणि दर उडीला परतीचा पत्ता स्टॅकवर.

तो स्टॅक तरी कुठे? रजिस्टरं सुरुवातीला शून्य असतात असं आपण धरून चालतो. रिसेट ८०८५ च्या स्टॅक पॉइंटरला हातही लावत नाही. त्यात काहीही असू शकतं. सिम्युलेटरवर तो ०००० दिसत होता, म्हणून पहिल्या कॉलचा पत्ता मेमरीच्या अगदी टोकाला गेला. तिथे पूर्ण ६४ केबी रॅम, त्यामुळे निभावलं. सर्किटवर रॅम २ केबी. स्टॅक पॉइंटर भरणारी एलएक्सआय एसपी ही सूचना आधी लिहिली असती तर प्रश्नच नव्हता.

सी भाषेतही ग्लोबल व्हेरिएबल आपोआप शून्य होत नाहीत. मेन या मुख्य फंक्शनच्या आधी चालणारा स्टार्टअप कोड ती शून्य करतो. आरमोरीत कोसा विणणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही; धोटा फिरण्याआधी ताणा चढवावाच लागतो.

सिम्युलेटर म्हणजे पोरखेळ, असंही कुणी म्हणतं. मुंबईच्या आयआयटीतल्या प्रा. माधव देसाई यांच्या गटाचा 'अजित' प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला. चिप १८० नॅनोमीटरची, मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत बनलेली. त्याच्या टूलचेनमध्येही प्रोसेसरचं सी भाषेतलं मॉडेल, म्हणजे सिम्युलेटरच, आहे. 'अजित' चालतो स्पार्क व्ही८ सूचनासंचावर, आणि तिथली गंमत अवघड आहे. रिसेटनंतर ट्रॅप, म्हणजे अडचण आली की ती हाताळायला मारायच्या उड्या, बंद असतात. मेनची पहिली सूचना बहुधा 'सेव्ह', म्हणजे नवी रजिस्टर-खिडकी उघडणारी. खिडक्यांचा मास्क आधी नीट भरला नसेल, तर इथेच ओव्हरफ्लो ट्रॅप उठू शकतो. ट्रॅप बंद असताना तो उठला की प्रोसेसर एरर मोडमध्ये जाऊन थांबतो. माणूस चूक शोधत बसतो मेनमध्ये, आणि ती असते मेनच्या मागे.

म्हणून ब्रेकपॉइंट मेनवर लावू नये. पहिल्या सूचनेपासून एकेक पाऊल टाकावं. पोराला मी आणखी एक सांगितलं: प्रोग्राम चढवण्याआधी सिम्युलेटरची सगळी मेमरी ७६ ने भर. ७६ म्हणजे एचएलटी. घसरायला शून्यं उरली नाहीत, आणि प्रोग्राम ०००० एचवरच थांबला. थोडा वेळ स्क्रीनकडे बघून त्याने तिथे तीन बाइट घातले: सी३, ००, ०१. म्हणजे ०१०० एचला उडी.