गेटचे गाईड : दुकानातच ताळा घ्या

मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली की आपल्या घरात एक नवा शब्द ऐकू येऊ लागतो, तो म्हणजे 'गेट'. चांगल्या संस्थेत एम.टेक. करायचे तर ही परीक्षा द्यावी लागते, एवढे आई-वडिलांना कळते. पुढचे सारे इंग्रजीत. मग एक दिवस मुलगा म्हणतो, "बाबा, गाईड घ्यायचंय," आणि बाबा मुकाट्याने पैसे काढून देतात. कोणते गाईड, कशासाठी, एकच का चार, हे विचारायचा धीर होत नाही. आपले आयुष्य वर्कशॉपमध्ये, बांधकामावर, फार तर कचेरीत गेलेले. थर्मोडायनॅमिक्सचे पुस्तक चांगले की वाईट, हे आपण काय सांगणार?

पालक बंधू-भगिनींनो, सांगता येते. मी स्वतः बी.कॉम. झालेला कारकून आहे. इंजिनिअरिंगचे एक समीकरण मला सुटत नाही. तरीही आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी गाईडे निवडण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. विषय न कळताही ते काम चोख करता येते, कारण मूळ प्रश्नपत्रिका आणि तिची अधिकृत उत्तरे आपल्याला फुकट मिळतात. हातात मूळ व्हाउचर असले की लेजरमधली चूक कोणत्याही कारकुनाला सापडते. तसेच हे.

आधी परीक्षेविषयी थोडे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आय.आय.टी. मिळून ही परीक्षा घेतात. दरवर्षी पाळी बदलते. २०२५ ला रुरकीची होती, २०२६ ला गुवाहाटीची. पेपर संगणकावर, तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य कलचाचणीचे, म्हणजे थोडे इंग्रजी, थोडे अंकगणित, थोडा तर्क. भाषा इंग्रजी. २०२१ पासून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही बसता येते आणि मिळालेला स्कोअर तीन वर्षे चालतो. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना फी इतरांच्या निम्मी असते. अनुसूचित जातीसाठी पात्रतेची रेषा खुल्या गटाच्या दोन तृतीयांश असते. पण ती रेषा ओलांडली म्हणजे प्रवेश झाला असे नव्हे. प्रवेश स्कोअरवर मिळतो. ज्यांना मिळतो त्यांना पूर्णवेळ एम.टेक.च्या काळात दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन असते. वडील निवृत्तीला आलेल्या घरात ही रक्कम काय असते, ते मी सांगायला नको. मुलाला 'आता शिकणं पुरे, नोकरी बघ' म्हणायचे की नाही, हे कितीतरी घरांत तेवढ्यावर ठरते.

आता गाईडाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट. गेटमध्ये प्रश्न तीन जातींचे असतात. पहिला नेहमीचा : चार पर्याय, एक बरोबर. यात चुकले तर गुण कापतात, एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. दुसरा प्रकार २०२१ पासून आला. त्यात चार पर्यायांपैकी एक किंवा अनेक बरोबर असतात. सर्व बरोबर पर्याय निवडले आणि एकही चुकीचा निवडला नाही तरच गुण, अर्धवट उत्तराला काही नाही. मात्र चुकल्यास कपातही नाही. तिसऱ्या प्रकारात पर्यायच नसतात. आकडेमोड करून उत्तराचा आकडा टाकायचा. त्यातही कपात नाही.

हिशेब करून बघा. पहिल्या जातीचे एक गुणाचे बारा प्रश्न मुलाने नुसते अंदाजाने ठोकले. चारात एक या न्यायाने तीन बरोबर येतील, तीन गुण मिळतील. नऊ चुकतील, तीन गुण जातील. हाती शून्य. इतर दोन जातींत मात्र प्रश्न कोरा सोडण्यात काहीच फायदा नाही. ज्या गाईडात सगळा सराव पहिल्या जातीचाच आहे, ते पोराला वेगळ्याच परीक्षेची तयारी करून देते. वर कव्हरवर चालू वर्ष छापलेले असते! कव्हर दरसाल बदलते, आतली पाने तीच राहतात, हे पुस्तकांच्या बाजारात नवे नाही. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकांचा भाग सोडून सरावाच्या प्रश्नांची पाने उघडा. तिथे 'एम.एस.क्यू.' आणि 'एन.ए.टी.' ही अक्षरे पुरेशी दिसतात का, ते पाहा. पहिली म्हणजे अनेक बरोबर पर्यायांचे प्रश्न, दुसरी म्हणजे आकड्याचे.

यानंतर ताळा. दुकानात जाण्यापूर्वी मुलाला सांगा, परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या गेटच्या संकेतस्थळावरून आपल्या शाखेच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरसूची उतरवून घे आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आण. खर्च होईल तो झेरॉक्सचा. 'अंतिम' हा शब्द ध्यानात ठेवा. परीक्षेनंतर आधी तात्पुरती उत्तरे प्रसिद्ध होतात, त्यावर विद्यार्थी हरकती घेतात आणि मग अंतिम यादी येते. घाईने छापलेल्या गाईडात कधीकधी तात्पुरतीच उत्तरे राहून जातात.

हे कागद घेऊन काउंटरवर उभे राहा. गाईडातले कोणतेही दहा प्रश्न काढा. त्यांवर वर्ष छापलेले नसेल तर ताळा घेताच येणार नाही, ते पुस्तक परत ठेवा. वर्ष असेल तर उत्तर यादीशी जुळवा. आकड्याच्या प्रश्नांना यादीत बहुधा एकच आकडा नसतो, 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी मर्यादा असते. गाईडाचे उत्तर त्या मर्यादेत बसते का, ते पाहा. अनेक पर्यायांच्या प्रश्नात यादीत दोन अक्षरे आणि गाईडात एकच, असे दिसले तर ते उत्तर चूक. अजून एक खूण सांगतो. यादीत एखाद्या प्रश्नापुढे 'एम.टी.ए.' असते. याचा अर्थ त्या प्रश्नाचे गुण सर्वांना दिले. असा प्रश्न सापडला तर गाईडात तो उघडा. तिथे काही शेरा न देता ठामपणे एक उत्तर छापले असेल, तर छापणाऱ्याने अंतिम यादी पाहिलेलीच नाही, असे समजायला हरकत नाही.

दहात एखादी चूक मी क्षमा करतो, छपाईत होते. दोन निघाल्या तर अजून दहा तपासतो. तीन निघाल्या की पुस्तक दुकानदाराला परत. दुकानदाराला हे आवडत नाही. एकदा एकाने मला ऐकवले, "साहेब, वाचायचं असेल तर लायब्ररीत जा." मी म्हटले, जातोच, तिथेच ठेवायला हे न्यायचे आहे. आपल्या घामाचा पैसा आहे, भाजीसुद्धा आपण निवडून घेतो.

उत्तरानंतर रीत. इथे मुलाला किंवा मुलीला पुढे करा. न सुटलेला एक प्रश्न निवडायला सांगा आणि गाईडातले त्याचे स्पष्टीकरण तिथल्या तिथे वाचायला लावा. 'सूत्रावरून उत्तर ब' एवढेच लिहिले असेल तर उपयोग नाही. मधल्या पायऱ्या असाव्यात, एकके लिहिलेली असावीत. मराठी माध्यमातून डिप्लोमा करून पदवीला आलेल्या मुलांसाठी हे तर फारच महत्त्वाचे, कारण त्यांना पुष्कळदा विषय येतो, इंग्रजी वाक्य अडवते. साध्या वाक्यांचे पुस्तक त्यांना जाड पुस्तकापेक्षा लाभते.

जुनी पुस्तके घ्यावीत का? पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर, आपण सर्वांनी घेतली आहेत. विषयाचे मूळ पुस्तक जुने चालते. गणिताचे ग्रेवाल किंवा थर्मोडायनॅमिक्सचे पी. के. नाग दहा वर्षांपूर्वीचे असले तरी बिघडत नाही. गाईड मात्र फार जुने नको. २०२१ च्या आधीच्या गाईडात दुसऱ्या जातीचे प्रश्न नसणारच. संगणक शाखेचे २०१६ पूर्वीचे असेल तर त्यात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि वेब टेक्नॉलॉजीचे भाग असतील, जे अभ्यासक्रमातून केव्हाच गेले. मोठ्या क्लासच्या हस्तलिखित नोट्सचे झेरॉक्स गठ्ठेही विकायला असतात. त्यांवर ना वर्ष, ना नाव, चूक निघाली तर जाब कोणाला विचारणार?

आमच्याकडे एका फिटर गृहस्थांनी बोनसमधून मुलीला एकदम चार गाईडे आणली. महिन्याच्या किराण्याचे पैसे गेले. चारही पुस्तकांत मागच्या वर्षांचे तेच ते प्रश्न होते, कारण गेटचे प्रश्न ते गेटचेच. मुलीने त्यातले एक ठेवले, बाकी कपाटावर गेली. पण या गृहस्थांचे मला कौतुक वाटते ते वेगळ्या कारणासाठी. मुलाला नवे आणि मुलीला दादाचे जुने, ही रीत आपल्या घरांतूनही अजून गेलेली नाही. त्यांनी ती पाळली नाही.

तर शाखेचे एकच गाईड, तेही मूळ पुस्तकातून विषय एकदा वाचून झाल्यावर. ते अडले तर आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर विनामूल्य आहेत, मोबाईलवर पाहता येतात. शाखेच्या गाईडाबरोबर कलचाचणीचे जाडजूड वेगळे पुस्तक गळ्यात मारतात. पंधरा गुणांसाठी ते नको. जुन्या प्रश्नपत्रिकांतले प्रत्येकी दहा प्रश्न सर्व शाखांचे मिळून सोडवले तरी भरपूर सराव होतो. आणि पेपर सोडवताना टेबलावरचा कॅल्क्युलेटर काढून घ्या. परीक्षेत पडद्यावरचाच वापरावा लागतो आणि माऊसने बटणे दाबताना वेळ जातो.

अभ्यासिकेतल्या गाईडांवर आम्ही पेनाने लिहू देत नाही. चूक सापडली की पेन्सिलीने दुरुस्ती करायची, बाजूला वर्ष आणि प्रश्न क्रमांक टाकायचा. पुढच्या वर्षीची मुले नवी प्रत मिळत असली तरी आधी तीच प्रत मागतात.