भोपळ्याच्या पोटात पालाश काय करतो?

2025 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या दोघा जुळ्या भावांचा भोपळा काट्यावर चढला आणि आकडा आला 1,278 किलो! भर वाढीत असलं फळ दिवसाला वीसेक किलोंनी फुगतं. शिरूर-दौंडकडे बांधावरच्या वेलाची तीन-चार डांगरं मिळून जेवढी भरतील, तेवढी भर एका दिवसात.

एवढा माल येतो कुठून? पानांतून. पानं साखर बनवतात आणि ती देठातल्या बारीक नळ्यांतून फळाकडे निघते. तिला नळीत चढवायला पालाश, म्हणजे पोटॅशियम, लागतो. साखर आणि पालाश नळीत दाटले, की आजूबाजूचं पाणी आपोआप आत ओढलं जातं, दाब वाढतो आणि रस फळाकडे ढकलला जातो. मोटार नाही, त्यामुळे लोडशेडिंगची चिंताही नाही! राक्षसी भोपळ्यांच्या देठांत रस फार वेगाने धावत असेल, असं वाटतं ना? संशोधकांनी तपासलं, तर वेग साधाच निघाला. वाहून नेणाऱ्या नळ्याच जास्त होत्या.

पानावरची सूक्ष्म छिद्रं उघडतो तोही पालाशच. छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशींत तो शिरला की त्या फुगतात आणि दार उघडतं. तो बाहेर पडला की मिटतं. दौंडच्या एप्रिलमधल्या दुपारी वेल कोमेजता-कोमेजता सावरतो, तो याच्याच जिवावर.

आणि गंमत पाहा. नत्र प्रथिनांत बांधलं जातं, स्फुरद डीएनएमध्ये. पालाश मात्र झाडात कशातच अडकत नाही. मार्केट यार्डातल्या हमालासारखा तो सगळा माल हलवतो, पण स्वतः मोकळाच राहतो.

मग ओता की पोतंभर! नको. पालाश फार झाला की मुळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी उचलतात. शिवाय काळ्या मातीचे चिकण थर त्यातला काही पालाश आपल्यातच दाबून ठेवतात. म्हणून आधी माती तपासायची आणि फळ धरल्यावर ठिबकमधून ‘झिरो झिरो पन्नास’ हे पालाशचं खत थोडं-थोडं सोडायचं.

हा खतातला पालाश येतो कुठून? कॅनडातून येणारी लाल पोटॅश म्हणजे सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ, जवळपास किलोमीटरभर खोलवरून काढलेलं. चुलीची राख भोपळ्याच्या वेलावर फेकणाऱ्या आज्या भुंगे हाकलत होत्या, पण त्या राखेतूनही वेलाला पालाश मिळत होता.

ऊसही जमिनीतून भरपूर पालाश उचलतो. साखर निघाली तरी तो मळीत उरतो, मळीतून डिस्टिलरीच्या सांडपाण्यात जातो आणि ते जाळलं की राखेत सापडतो. 2021 पासून केंद्र सरकार या मळीच्या पोटॅशलाही खतासारखं अनुदान देतं.