पुडी दिली, माप सांगितले का?

मुंबईहून गोव्यापर्यंत जहाजाने सहल करून बेळगावी परतलेले एक कुटुंब दीड वर्षाच्या नातवाला घेऊन थेट माझ्याकडे आले. जुलाब दोन दिवसांचे. बाळ चिडचिडे, तहानेने कासावीस. आजीबाईंनी काळजीपोटी जलसंजीवनीची एक लिटरची अख्खी पुडी एका पेल्यात कालवून पाजली होती. असे दाट द्रावण दिल्यास रक्तातील सोडियम वाढते; झटकेही येऊ शकतात. सुदैवाने बाळ वेळेत सावरले.

जहाजावर मेजवानीची रेलचेल असते. चिमुकल्याच्या पोटाला मात्र घरचाच क्रम मानवतो. गरम वरणभात, इडली, आपल्या हाताने सोललेले केळे पुरेसे. बराच वेळ मांडून ठेवलेले पदार्थ, कापलेली फळे व बर्फ टाळावा. अख्खे शेंगदाणे, द्राक्षे श्वासनलिकेत अडकू शकतात. दूध दिवसाकाठी ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे. स्तनपान चालू असल्यास थांबवू नये. नोरोव्हायरसपुढे सॅनिटायझर अपुरा पडतो, म्हणून हात साबणाने धुवावेत.

उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजावी. डब्यातील गोड रस हा तिला पर्याय नव्हे. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले वा बाळ सुस्त वाटले, तर जहाजावरील डॉक्टरांना त्वरित गाठावे.

ती पुडी माझ्याच चिठ्ठीवरची होती. पाण्याचे माप सांगायचे मात्र मी विसरलो होतो. तेव्हापासून चिठ्ठीबरोबर एक लिटरची बाटली दाखवूनच पालकांना निरोप देतो. सहव्यावसायिकांनाही हीच विनंती.