पाल्याचे हक्क : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

आईबाप आणि अपत्य यांच्या नात्यात कायद्याने लुडबूड करू नये, ही आपल्या समाजाची पूर्वापार धारणा आहे. आणि ज्या घरात माया व विवेक दोन्ही नांदतात, त्या घराचा उंबरठा कायदा सहसा ओलांडतही नाही. परंतु जेथे हे नाते कज्जाच्या रूपाने न्यायासनापुढे येते, तेथे मुलावर हक्क कुणाचा, याऐवजी मुलाचे हित कशात, हा प्रश्न आधी विचारण्याची रीत गेल्या शतकभरात हळूहळू दृढ झाली. हे स्थित्यंतर ध्यानी न आल्यामुळे पुढील गैरसमज सुशिक्षितांतही आढळतात.

गैरसमज १ : मुलावर पहिला हक्क बापाचा.
वस्तुस्थिती : १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात आधी बाप व त्याच्यानंतर आई असा क्रम आहे खरा, पण पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असे तेच कलम ६ सांगते, आणि कलम १३ तर मुलाचे कल्याण सर्वोपरी मानते. बाप हयात असूनही मुलाची जबाबदारी वाहत नसेल, तर आई नैसर्गिक पालक ठरू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात दिला.

गैरसमज २ : ताब्याच्या वादात मूल म्हणेल तेच प्रमाण.
वस्तुस्थिती : समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाने न्यायाधीशाला दिली आहे; तथापि मूल पढवलेले असू शकते, हे जाणून अखेरचा निर्णय न्यायालय स्वतःच करते.

गैरसमज ३ : अज्ञान मुलाची जमीन आईबापांना विकता येते.
वस्तुस्थिती : सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचे वा बापाचे नाव लागते, आणि तेवढ्यावरून पालक स्वतःला मालक समजू लागतो. वस्तुतः मुलाच्या स्वतःच्या मालकीची स्थावर मिळकत विकण्यास, गहाण टाकण्यास किंवा बक्षीस देण्यास नैसर्गिक पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. ती न घेता केलेले खरेदीखत मुलाला सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावून रद्द करून घेता येते. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्शाला मात्र हा नियम लागू नाही.

गैरसमज ४ : लहानपणी लागलेले लग्न मोडता येत नाही.
वस्तुस्थिती : अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले, तेव्हा १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांच्यापुढे नांदणे किंवा सहा महिन्यांचा कारावास एवढे दोनच पर्याय ठेवले होते. आज, २००६ च्या कायद्यान्वये, बालपणी विवाहबद्ध झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत तो विवाह रद्दबातल ठरवून घेण्याचा अधिकार आहे. तथापि असा विवाह बहुधा आपोआप रद्द होत नाही. त्यासाठी अर्ज करावाच लागतो.

गैरसमज ५ : सरकारला वाटेल तेव्हा मूल आईबापांपासून तोडता येते.
वस्तुस्थिती : बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार निराधार वा संकटग्रस्त आढळलेल्या मुलाला, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानावा लागतो. नाइलाजाने मूल समितीच्या स्वाधीन करणाऱ्या आईबापांनाही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. उलट सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण देण्याचे बंधन २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सरकारवरच घातले आहे, आणि शाळेतील मारहाणीला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मज्जाव केला आहे.

हे सारे हक्क कागदावर असले, तरी ते बजावण्यासाठी मुलाला स्वतः कचेरीची पायरी चढता येत नाही. ते काम सभोवतालच्या सुज्ञ माणसांचेच आहे. म्हणून संकटातील मूल नजरेस पडल्यास, परक्याच्या घरातली गोष्ट म्हणून मान न फिरवता, १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.