सुडो लिहिण्याआधी दोन मिनिटं थांबा

उबुंटूवर व्हीएलसी हवंय? टर्मिनल उघडून ‘सुडो एपीटी इन्स्टॉल व्हीएलसी’ लिहायचं. पासवर्ड मागेल. टाइप करताना बऱ्याच सिस्टिमवर स्क्रीनवर काहीच उमटत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, निर्धास्तपणे टाइप करून एंटर दाबा.

हा पासवर्ड रूटचा, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण अधिकार असलेल्या खात्याचा, नसून तुमचा स्वतःचा असतो. उबुंटूमध्ये रूटचं खातं मुळात कुलूपबंदच येतं, आणि मला ही रचना फार आवडते. सुडो फक्त त्या एका कमांडपुरता अधिकार देतो आणि कोणी काय चालवलं याची नोंदही ठेवतो. 1980च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला.

पण खरी मेख पुढे आहे. इन्स्टॉल होताना पॅकेजमधल्या छोट्या स्क्रिप्टही रूट म्हणून चालतात, म्हणजे त्या सिस्टिममध्ये काहीही बदलू शकतात. उबुंटूच्या अधिकृत भांडाराची सही एपीटी तपासून घेतं. कुठल्याशा साइटवरून उतरवलेल्या डेब फाइलला ते संरक्षण नसतं. इंटरनेटवरची ‘कर्ल’ने सुरू होऊन ‘सुडो बॅश’वर संपणारी ओळ तर न वाचता कधीच चिकटवू नका!

काही ठिकाणी तर सुडो टाळताच येतो. पायथॉनच्या लायब्ररींसाठी सुडो पिप नको, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरा. फ्लॅटपॅक या ॲप बसवण्याच्या पद्धतीत ‘यूजर’ पर्याय दिला की ॲप तुमच्या होम फोल्डरमध्येच बसतं, पासवर्डची गरजच पडत नाही.