पन्नाशीनंतरची पहिली नवी गाडी : आधी चालकाची तपासणी

दसरा आणि पाडवा जवळ आला, की आमच्या दवाखान्यात पेढ्यांचे पुडे येऊ लागतात. "डॉक्टर, गाडी घेतली. नवी कोरी!" असे सांगणारे गृहस्थ बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात. मुलांची शिक्षणे झाली, मुलीचे लग्न उरकले, घराचे हप्ते फिटले, आणि मग कुठे स्वतःसाठी काही घ्यावे असा विचार मनात आला. या आनंदात विरजण घालावे असा आजच्या लेखाचा हेतू नाही. मात्र डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगणे भाग आहे.

आमच्या पिढीला गाडी उशिरा मिळाली, याला कारणे आहेत. आमच्या लहानपणी चारचाकी म्हणजे मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, नाहीतर अ‍ॅम्बेसेडर. पैसे असले तरी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. आकुर्डीच्या चेतक स्कूटरचीही तीच गत होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९८ च्या अखेरीस पुण्याची इंडिका आली, आणि मध्यमवर्गीयाच्या दारात गाडी दिसू लागली. तरीही पुष्कळांची पहिली गाडी जुनीच, कोणाची तरी वापरलेली असे. नव्या गाडीचे प्लॅस्टिक स्वतःच्या हाताने काढण्याचा योग साठीच्या उंबरठ्यावरच येतो. अडचण एवढीच, की गाडी नवी असते, पण चालवणाऱ्याचे डोळे, मान आणि गुडघे जुने झालेले असतात.

माझाच अनुभव

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. वाघोलीत मी २७ वर्षे दवाखाना चालवतो. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, पण मी आलो तेव्हा ते नगर रस्त्यावरचे एक गाव होते. सुरुवातीला माझ्याकडे स्कूटर होती, नंतर एका मित्राकडून घेतलेली जुनी मारुती. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास सौ.ने आणि मुलाने आग्रह धरला, की आता नवीच घ्यायची.

एका संध्याकाळी शोरूममधला मुलगा गाडी घेऊन घरी आला. मी चालवायला बसलो, तो शेजारी. दिवेलागणीची वेळ होती. केसनंद फाट्याजवळ समोरच्या ट्रकच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि क्षणभर पुढे नुसता पांढरा धूर दिसला. "सर, ब्रेक!" असे तो मुलगा ओरडला. मी ब्रेक दाबला. बंपरपुढे हातभर अंतरावर एक बाई उभी होती, कडेवर मूल. मला ती दिसलीच नव्हती. याच फाट्याजवळ डिसेंबर २०२४ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजूर कुटुंबांवर डंपर गेला आणि दोन लहान मुलांसह तिघे दगावले. त्या चालकाने दारू प्यायली होती. मी तर पूर्ण शुद्धीवर होतो. तरीही फरक हातभर अंतराचाच होता.

घरी आल्यावर मला आठवला तो आर.टी.ओ.चा 'नमुना १-अ'. चाळिशीनंतर परवाना काढताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना डॉक्टरांचे हे प्रमाणपत्र लागते. त्यात विचारलेले असते : अर्जदाराला फीट किंवा चक्कर येते का? चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? रंग ओळखण्यात दोष आहे का? रातआंधळेपणा किंवा बहिरेपणा आहे का? असे शेकडो नमुने मी सह्या करून दिले आहेत. खरे सांगायचे तर "नीट दिसतं ना?" एवढे विचारून, दोन मिनिटांत. ओळखीचा माणूस, बाहेर रुग्णांची रांग, आणि त्यालाही घाईच. त्या रात्री पहिल्यांदा मी त्या कागदावर कोणाच्या जिवाची सही करतो, हे मला कळले.

दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात अधिक. दसऱ्याचा मुहूर्त हुकला. दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या, तज्ज्ञांनी परवानगी दिली, आणि गाडी पाडव्याला घरी आली.

डोळे : दिवसा ठीक, रात्री वेगळे

वय वाढते तशी डोळ्यातली बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होते. वीस वर्षांच्या तरुणाच्या तुलनेत साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्याचा प्रकाश डोळ्यात विखुरतो आणि दिव्याभोवती वलय दिसते. दिवसा वर्तमानपत्र वाचता येते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. माझेही तेच झाले.

म्हणून गाडी ठरवण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत. नंबर, मोतीबिंदू, काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब, आणि मधुमेह असेल तर दृष्टिपटल, हे सर्व पाहावे. काचबिंदूत बाजूचे दिसणे हळूहळू कमी होते आणि रुग्णाला ते जाणवत नाही. बाजूने येणारा दुचाकीस्वार 'अचानक' आल्यासारखा वाटतो. दुभागी चष्मा वापरणाऱ्यांनी गाडीत बसून वेगमापकाचे आकडे स्पष्ट दिसतात का, तेही पाहावे. ते अंतर ना दूरचे, ना वाचनाचे. आणि गाडीची चाचणी सकाळी शोरूमच्या आवारात न घेता एकदा तरी संध्याकाळनंतर घ्यावी.

साखर आणि औषधे

मधुमेह आहे म्हणून गाडी चालवू नये, असे मुळीच नाही. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकाएकी उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड आणि पुढे गोंधळ उडतो. गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलो आहोत हे समजत नाही, खरा धोका तो. अशा रुग्णांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि ती ९० पेक्षा कमी असल्यास आधी खाऊन घ्यावे. वाटेत लक्षणे जाणवली तर गाडी कडेला लावून इंजिन बंद करावे, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यावे, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास थांबावे.

सर्दी-खोकल्याची काही औषधे, झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या यांनी गुंगी येते. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना भोवळ येते. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडकणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्यांनी त्याची तपासणी जरूर करून घ्यावी. हृदयविकाराचा झटका, अ‍ॅन्जिओप्लास्टी किंवा फीट यांनंतर पुन्हा कधी गाडी चालवायची, ते आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

गाडी अंगाला बेतून घ्या

आपण सदरा अंगाला लावून पाहतो, चप्पल दोन पावले चालून घेतो. गाडी मात्र रंग आणि शेजाऱ्याची गाडी पाहून घेतो. शोरूममध्ये निदान दहा मिनिटे आसनावर बसून राहावे.

गाडी फार खालची असेल तर गुडघेदुखीच्या माणसाला उठताना त्रास होतो, फार उंच असेल तर घरातल्या आजींना चढता येत नाही. बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर असावी. आत शिरताना आधी आसनावर टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. गुडघ्याला पीळ पडत नाही. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान दहा इंच अंतर असावे, कारण एअरबॅग जोराने उघडते. डोक्यामागच्या आधाराचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याइतका उंच ठेवावा. तो मानेवर टेकलेला असेल तर मागून धक्का बसल्यावर मानेला वाचवत नाही.

मान दोन्ही बाजूंना वळवून पाहावी. मणक्यांच्या झिजेमुळे ती पुरेशी वळत नसेल तर मोठे आरसे आणि मागचा कॅमेरा ही चैन नव्हे, गरज आहे. डावा गुडघा दुखत असेल तर क्लच नसलेली गाडी सोयीची. मात्र तीस वर्षांची सवय असलेला डावा पाय क्लच शोधायला जातो आणि ब्रेकवर जोरात पडतो. पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात, फक्त उजव्या पायाने सराव करावा.

पट्टा, मागच्यांसाठीही

पट्टा पोटावरून न नेता खाली, कमरेच्या हाडावरून न्यावा, आणि वरचा भाग गळपट्टीच्या हाडावरून. पोटावर असेल तर धक्क्यात आतड्यांना इजा होते. पट्टा न बांधता एअरबॅगच्या भरवशावर राहू नये. पुढे फेकल्या जाणाऱ्या माणसाला तीच इजा करू शकते.

मागे बसणारे पट्टा बांधत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, वय अवघे ५४. गाडी महागडी व मजबूत होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, ते दोघे दगावले. पुढचे दोघे वाचले.

नव्या गाडीचा वास

नव्या गाडीचा वास आपल्याला हवाहवासा वाटतो. तो प्लॅस्टिक, गोंद आणि आसनांच्या आवरणांतून निघणाऱ्या रासायनिक वाफांचा असतो. उन्हात उभ्या गाडीत त्या वाढतात. डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, दमेकऱ्यांना खोकला असा त्रास होऊ शकतो. पहिले काही आठवडे निघण्यापूर्वी दारे उघडून गाडी वाऱ्यावर ठेवावी, सुगंधी डब्यांची भर घालू नये. आतलीच हवा फिरवणारे बटण डंपरच्या धुळीत उपयोगी पडते. पण चार माणसे काचा बंद करून तासभर बसली, तर कर्बवायू साठून सुस्ती येते. अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, पाणी प्यावे, आणि लघवी तुंबवू नये.

आणखी एक. दारात गाडी आली की दळणालाही गाडी, भाजीलाही गाडी. वर्षभरात पोट पुढे येते आणि रक्तदाबाची गोळी वाढते. मी नियम केला आहे, दीड किलोमीटरच्या आत गाडी काढायची नाही. वाघेश्वराच्या मंदिराला आजही पायीच जातो.

सहीचे मोल

आता 'नमुना १-अ' घेऊन कोणी आले, तर मी त्यांना बसवतो. अक्षरांचा तक्ता वाचायला लावतो, मान वळवायला सांगतो, गोळ्यांची पाकिटे मागतो, साखरेची नोंद पाहतो. काहींना राग येतो. माझे फार जुने रुग्ण असलेले एक निवृत्त शिक्षक इन्सुलिनवर आहेत. साखर उतरून दोनदा त्यांची शुद्ध हरपली होती. मी त्यांना तीन महिन्यांच्या साखरेची वही मागितली. "आयुष्यभर एसटीत उभा राहून प्रवास केला डॉक्टर, आता बसायला मिळतंय तर तुम्ही अडवता?" असे म्हणून ते उठून गेले. त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. त्यानंतर ते दवाखान्यात आलेले नाहीत. गाडी त्यांनी घेतली, सूनबाई चालवते आणि गुरुजी शेजारी बसतात असे ऐकतो. ते वही घेऊन आले तर मला आनंदच होईल.

वाचकहो, गाडी जरूर घ्या. चाकाखाली लिंबू ठेवा, हार घाला, पेढे वाटा. फक्त त्याआधी एक दिवस स्वतःच्या तपासणीसाठी काढा. रस्त्याच्या कडेला मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईला तुमची गाडी नवी की जुनी याच्याशी काही देणेघेणे नाही. तुम्हाला ती दिसली पाहिजे, एवढेच.