नोंदींचा भार

वीजमापकाचा आकडा वहीत उतरवून नेणारा कर्मचारी आता हळूहळू दिसेनासा होईल. त्याची वही पावसाळ्यात दमट होई, तिला वाळवीही लागे. पण ती जपण्यासाठी वीज लागत नसे. नवा स्मार्ट मापक दर पंधरा मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ९६ वेळा, नोंद करू शकतो. केंद्राच्या २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेत असे २५ कोटी मापक बसविण्याचा संकल्प आहे. ते सारे बसले, तर दिवसाला २४०० कोटी नोंदी! त्या साठविणारी संगणकगृहे विजेवर चालतात, आणि ती थंड ठेवण्यासाठी पुन्हा वीजच लागते.

तरीही काटकसरीच्या नावाखाली सरसकट नोंदी पुसणे आम्हांस मान्य नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमानुसार, बिलांतून सतत दाखविली नसेल तर दोन वर्षांहून जुनी थकबाकी वसूल करता येत नाही. निदान तेवढा काळ ग्राहकाचा पुरावा शाबूत राहिलाच पाहिजे. त्यानंतर सूक्ष्म नोंदी पुसून मासिक बेरजा तेवढ्या चुंबकीय फितींवर ठेवाव्यात. फडताळात पडलेल्या फितीला वीज लागत नाही. शिवाय घरात माणसे केव्हा असतात, केव्हा नसतात, हेही या नोंदींवरून कळते. त्या कोणी आणि किती काळ बाळगावयाच्या, हे गोव्याच्या वीज खात्याने ग्राहकांना लेखी कळवावे.